रिकाम्या हातांनी कचेरीत

आमच्या भाजीच्या वाडीतला पहिला तोडा कधी विकला गेला नाही. वांगी असोत, मिरच्या असोत, नाहीतर सांबार असो, ज्याला बाकीचे कोथिंबीर म्हणतात, नव्या वाफ्यातून पहिल्यांदा जे निघेल ते वाटायचं, अशी आमच्यात रीत होती. थोडं गावदेवीपुढे, थोडं शेजारी, थोडं गुरुजींच्या घरी. पहिला तोडा बाजारात बसला की वाडी रुसते, असं माय म्हणायची. दुसरी रीत अशी की कोणाच्या दारी रिकाम्या हातांनी जायचं नाही. निदान दोन लिंबं तरी पदरात हवीत. या रीतींपायी माझ्या भावाच्या नोकरीचं काय झालं, ते मला लिहून ठेवायचं आहे. मी चौथी शिकलेली बाई. चारचौघांत मला बोलता येत नाही. दुपारी घरचे झोपले की लिहिते.

आमचं गाव अकोल्याहून अकोटला जायच्या वाटेवर. वाडी लहान, पण विहीर चांगली. पहाटे मोटेचा आवाज सुरू झाला की मी जागी व्हायचे. मोट दादा हाकायचा. तो अमरावतीला शेतकऱ्यांच्या पोरांच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाला होता. आमच्या आसपासच्या गावांत एवढं शिकलेला आमच्यातला तो पहिलाच. परत आल्यावर तो मोटेवर उभा राहून इंग्रजी मोठ्यानं म्हणायचा, विसरू नये म्हणून. बाबा म्हणायचे, पोट्ट्याले नोकरी लागो न लागो, बैलं मात्र साहेब होऊन राहिले. दादाही हसायचा. मला ते इंग्रजी काही कळत नसे, पण त्याचा सूर अजून कानात आहे. पाणी पाटात पडायचं, ओल्या मातीचा आणि मेथीचा वास यायचा आणि वरून ते इंग्रजी.

दादाला कचेरीत कारकून व्हायचं होतं. पण जागा सुटली हे त्याला कळायचं ते ती भरल्यावर. अकोल्याला भाजी घेऊन गेलेला कोणीतरी सांगायचा की अमक्या तहसिलीत नवा कारकून आला, जुन्या कारकुनाचा भाचा आहे. त्यात कोणी कपटी होतं असं मला वाटत नाही. ज्या घरात नोकरी असते त्या घरात नोकरीची बातमी येते, जशी आमच्या घरात मेथीच्या भावाची यायची. पण आमच्या घरात फक्त मेथीच्याच भावाची यायची. पंचवीस वर्षं पूर्ण झाली की सरकारी नोकरीचं दार बंद, असा नियम होता आणि दादाला पंचवीस पूर्ण व्हायला जेमतेम वर्ष उरलं होतं. तो आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा जन्मलेला. येत्या आखाजीच्या आत काही झालं तर झालं.

अकोटकडचे एक मामा होते. सख्खे नव्हेत, बाबांच्या लहानपणच्या ओळखीचे. काळ्या मातीचं चांगलं शेत होतं त्यांचं आणि बोलण्याची भारी हौस. दसऱ्याला ते सोनं द्यायला आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "आपण सारा भरतो, पट्टी भरतो. त्या पैशाची कचेरी उभी हाय. अन आपल्याले ते दिसते कशी? बाहेरून. भित मात्र गंज चांगली हाय, बाप्पा." गंज म्हणजे आमच्याकडं पुष्कळ.

त्यांचं म्हणणं असं की कचेरीत, नाक्यावर, शाळाखात्यात, लोकल बोर्डात, कुठंच बागाईतवाल्यांचा आणि कुणब्यांचा माणूस नाही. आता आपली पोरं शिकू लागली आहेत. तेव्हा पाच गावच्या लोकांनी मिळून डिप्टी साहेबाकडे जावं आणि सरळ विचारावं. नवा साहेब न्यायाचा आहे असं ऐकलं होतं. अर्ज दादानं लिहिला. त्यात जागा द्या असं नव्हतं. जागा सुटली की सगळ्यांना कळेल अशी सोय करा, आणि परीक्षा घेऊन माणूस घ्या, एवढंच होतं. तो त्यानं आम्हाला वाचून दाखवला तेव्हा बाबांनी विचारलं, एवढुसंच काहून मागतो? दादा म्हणाला, एवढं भेटलं तर बाकीचं आमी घेऊ.

जायच्या दिवशी माय माझ्या आधी वाडीत गेली होती. वांग्याच्या नव्या वाफ्याला पहिलं फळ धरलं होतं. तिनं टोपलं भरलं. जांभळी, चकचकीत, काटे अजून ओले असलेली वांगी, मधे सांबाराच्या जुड्या आणि वर झेंडूची फुलं. गुरुजींच्या वाट्याचाही तोडा तिनं त्यातच घातला. पोराचं काम आहे, देवीला नंतर देऊ, देवी समजून घेईल, असं ती पुटपुटली. मी फुलं लावून दिली. दादा बरोबर गेला नाही. ज्याचं काम त्यानं पुढं दिसू नये, असं मामांनी ठरवलं होतं.

पुढं कचेरीत काय झालं ते मी बाबांकडून आणि मामांकडून इतक्यांदा ऐकलं की मी तिथं होते असंच वाटतं. फाटकाजवळ एक पाटी होती, इंग्रजीत. ती यांच्यापैकी कोणाला वाचता येईना. पाटीखालून पाच गावचे हे पाच जण टोपलं घेऊन आत गेले. चपराशानं अडवलं. म्हणाला, साहब डाली नहीं लेते. डाली म्हणजे अधिकाऱ्याला खूश करायला नेलेली टोपली. आधीचे साहेब सणासुदीला घ्यायचे, यांनी बंद केली होती आणि पाटीवर तेच लिहिलेलं होतं. बाबांनी त्याला समजावलं, "हे डाली नाई बाप्पा, हा तोडा हाय. पहिला तोडा."

चपराशी म्हणाला, "तोडा हो या जोडा, अंदर नहीं जायेगा।"

टोपलं बाहेर ठेवायचं, तर पहिला तोडा जमिनीवर कसा ठेवायचा, म्हणून बाबा ते हातातच धरून उभे राहिले. तेवढ्यात साहेबच व्हरांड्यात आले. साहेब परप्रांतातले, मराठी तोडकं बोलायचे. मामांनी कशाला आलो ते सांगून अर्ज पुढं केला. साहेबांनी अर्जाकडं पाहिलं, मग टोपल्याकडं पाहिलं. म्हणाले, नोकरी मागायला आलात आणि लाच घेऊन आलात. अर्ज त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. आतून खिडक्यांतून कारकून हसले. त्यांच्यातल्या एकानं म्हटलं, वांग्याच्या भावात कारकुनी विकणं आहे काय. पुढं कितीतरी दिवस बाजारात आमच्या लोकांना वांग्याचे कारकून म्हणत.

बाबांना तो तोडा विकता येईना आणि घरीही आणता येईना. त्यांनी तो स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलेल्या लोकांना वाटून टाकला. संध्याकाळी घरी आले तेव्हा मायनं हातपाय धुवायला पाणी दिलं आणि पहिला प्रश्न हाच विचारला, साहेबाला वांगी आवडली का.

बाबा म्हणाले, "गंज आवडले. म्हणे असे वांगे आमच्या मुलखात नाई."

मामा ओसरीवर बसले होते. एवढे बोलके, पण त्यांनी खाली मान घातली. त्या दिवसापासून घरात ठरून गेलं, कोणी न ठरवता, की टोपल्याची गोष्ट मायला सांगायची नाही. मला ती कळली, कारण मी लहान होते आणि लहान पोरीपुढं माणसं बोलतात.

तिथून चार-पाच महिने गेले. हिवाळ्यात साहेब तंबू घेऊन दौऱ्यावर. कचेरीत विचारायला गेलं तर तारीख मिळेना. वांग्याचे कारकून आले, म्हणून तिथली माणसं एकमेकांना खुणा करत. दादा मोटेवर इंग्रजी म्हणायचा, पण आता हळू. माय विचारायची की साहेबाला एवढी आवडली तर बोलावणं का येत नाही. दादा सांगायचा, हेडक्लार्कानं कागद दाबून ठेवला. त्या बिचाऱ्या हेडक्लार्काला आमच्या मायनं त्या हिवाळ्यात काय काय म्हटलं, ते लिहीत नाही.

होळीनंतर साहेब परतल्याचं कळलं. बाबांनी पुन्हा जायचं ठरवलं, आणि या वेळी हात रिकामे. मायनं टोपलं काढलंच होतं. बाबा नको म्हणाले तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. रिकाम्या हातानं गेलेला रिकाम्या हातानं येतो, माळ्याच्या पोटी जन्मून एवढं कळत नाही का, असं बरंच बोलली. बाबांनी फक्त एवढंच म्हटलं, "आज मागाले नाई चाललो. आज बोलाले चाललो."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मायलाही कळला नसावा. पण ती बाजूला झाली.

साहेबांपुढे उभं राहिल्यावर हात कुठं ठेवावेत तेच समजेना, असं बाबा सांगत. जन्मभर हातात काहीतरी असायचं. विळा, टोपलं, कासरा. त्यांनी हात पाठीमागं नेले, तर मामांनी डोळ्यांनी खुणावलं की ते बरं दिसत नाही. पुढं जोडले, तर भीक मागितल्यासारखं वाटलं. शेवटी फेट्याचा शेमला धरून उभे राहिले. साहेबांनी ओळखलं. आज टोपली कुठं, असं विचारलंही. बाबांनी रीत सांगितली, दोन वाक्यांत. मागच्या खेपेला पाटी वाचता आली नाही, हेही सांगितलं. आणि मग म्हणाले, "साहेब, जागा आमी मांगत नाई. जागा सुटली हे आमाले कळवा. आमचे पोट्टे परीक्षा देतीन. नापास झाले तर वापस वाडीत येतीन, वाडी काई कुठी जात नाई."

साहेबांनी अर्ज घेतला. तिथंच वाचला. आपली पाटी मराठीत का नाही, असं त्यांनी कारकुनालाच विचारलं म्हणे. मामा हे सांगताना उभे राहून साहेबांसारखं बोट करून दाखवायचे. इथून पुढं जागा सुटली की मराठीत कागद लिहून बाजाराच्या गावी चावडीच्या भिंतीवर लावायचा, असा हुकूम त्यांनी दिला. बाबा घरी आले तेव्हा मायनं त्यांच्या हातांकडं पाहिलं. बाबांनी ते दोन्ही पालथे-उलथे करून दाखवले आणि हसले. त्या वर्षातलं त्यांचं ते पहिलं हसणं असेल.

पण हुकूम निघणं वेगळं आणि कागद लागणं वेगळं. चैत्र गेला. आखाजी आली, मायनं घागर पुजली, पुरण घातलं. दादानं जेवताना आपलं वय काढलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. पाऊस लागला, पोळा आठवड्यावर आला.

त्या आठवड्याच्या बाजारात मी बाबांबरोबर सांबाराच्या जुड्या घेऊन बसले होते. माझी शाळा संपली होती, चौथीच्या पुढं आमच्या गावात मुलींना शाळाच नव्हती. चावडीच्या भिंतीपाशी माणसं गोळा झाली. कागद लागला, असं कोणीतरी ओरडत आलं. बाबा उठले, मला म्हणाले, चाल. मला वाटलं टोपलं उचलायला म्हणतात. त्यांनी मला सरळ भिंतीपुढं नेऊन उभं केलं. भोवती पागोटीच पागोटी. वाचणारा कोणी दिसत नव्हता, आणि गुरुजी त्या दिवशी गावात नव्हते.

"माही पोट्टी वाचते," बाबा म्हणाले.

 मी सुरुवात केली, पण माझं मलाच ऐकू येईना. मागून एक म्हातारा म्हणाला, काहो बाई, भितीलेच सांगतं का, आमालेबी सांग. माणसं हसली. मी जरा मोठ्यानं वाचलं. कारकुनाच्या दोन जागा. मॅट्रिक किंवा त्याबरोबरीची परीक्षा. अक्षर चांगलं पाहिजे. निवड परीक्षा घेऊन होईल. एकेका ओळीला बाबा मान हलवत होते, जणू ते सगळं त्यांनीच सांगून लिहून घेतलं होतं. मग पुढची ओळ मला वाचायच्या आधी दिसली. उमेदवाराचं वय पंचवीसहून अधिक नसावं.

मी थांबले. बाबांकडं पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता आलं. भोवतीची माणसं म्हणत होती, पुढं काय हाय, पुढं काय हाय. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"वाच माय," ते हळूच म्हणाले. "बाकीच्यायसाठी वाच."

मी ती ओळ वाचली. त्याच्या खालच्याही वाचल्या. नंतर आलेल्यांसाठी पुन्हा वाचलं, आणि दिवसभर जो जो घोळका येई त्याच्यापुढं वाचत राहिले. सांबार सुकून गेलं, पण बाबांनी मला बसायला बोलावलं नाही. दुपारनंतर मला कागदाकडं बघावंही लागत नव्हतं. तेव्हापासून आजवर मी इतक्या लोकांपुढं कधी बोलले नाही.

घरी आलो तेव्हा दादा बैलांना पाणी दाखवत होता. बातमी त्याला आधीच कळली होती. तो म्हणाला, म्हणून दाखव. मी अंगणात उभं राहून सगळा कागद म्हटला, ती ओळही गाळली नाही. त्यानं मधे मला थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाला, "चांगला लिवला हाय. कोणालेबी समजते." आणि बैल गोठ्यात बांधायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो पहाटे मोटेवर गेला नाही. पायीच अकोटकडं निघाला. मामांच्या गावात त्याच बोर्डिंगातून मॅट्रिक झालेला एक पोरगा होता, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. पोळ्यापर्यंत दादा तिथंच राहिला आणि त्याचं इंग्रजी पक्कं करून घेतलं. तो पोरगा पास झाला, अकोल्याला रुजू झाला. पहिल्या दिवशी दादा त्याला कचेरीच्या फाटकापर्यंत सोडायला गेला. परत आल्यावर मायनं विचारलं, कसं दिसत होतं ते पोरगं. दादा म्हणाला, टोपी थोडी मोठी झाली त्याले, पण दिसत होतं कारकूनच.