रॅम गेलाय, पाव्हणं!

लातूर जिल्ह्यात बिघडलेलं यंत्र नीट करणारे पुष्कळ आहेत, पण नीट चालणारं यंत्र घरपोच येऊन बिघडवणारे गृहस्थ एकच, आणि ते नेमके माझे साडू आहेत. राहतात मुरुडला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्मभर परीक्षानळ्या धुतल्या, निवृत्तीनंतर कॉम्प्युटरचा कसलासा कोर्स केला, आणि तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यातला एकही कॉम्प्युटर सुखानं नांदलेला नाही. जगातल्या सगळ्या बिघाडांचं कारण त्यांच्या लेखी एकच. मॉनिटरवर चित्र दिसत नाही? "रॅम गेलाय, पाव्हणं." दिसतं, पण पुसट? रॅमच. त्यासाठी खिशात पेनाशेजारी खोडरबर कायम असतो. डबा उघडायचा, रॅमची पट्टी उपसायची आणि पोरं चुकलेलं गणित खोडतात तशी तिची टोकं घासत बसायचं. अहमदपूरला त्यांच्या बहिणीचा टीव्ही काळा पडला, तर ह्यांनी त्यातही रॅम शोधला. रिचार्ज संपला होता एवढंच. टीव्ही परत जोडल्यावर मूठभर स्क्रू उरले, तर म्हणाले, "कंपनीवाले जास्तीचेच देतेत."

आधी प्लग बघा, वायर बघा, असं त्यांना सांगायची सोय नाही. "प्लग काय, कुणी बी बघतंय. त्याला शिक्षण लागत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अशा विद्वत्तेपुढं आपण काय बोलणार? मी चहा सांगायचो आणि मनातल्या मनात दात ओठ खायचो.

यंदा दसऱ्याला ते आमच्याकडेच होते. आमच्या घरी त्या दिवशी मोटारसायकलपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. कॉम्प्युटरची पूजा मात्र ह्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. मॉनिटर पुढं ओढून, वाकवून त्याला झेंडूची माळ घातली, कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी अकराला माझ्या मुलीची ऑनलाइन मुलाखत होती. शिक्षण संपवून पोरगी दोन वर्षं घरी बसलेली, पहिल्यांदाच कुणीतरी मुलाखतीला बोलावलं होतं. सकाळी बटण दाबलं, तर पडदा काळा.

"बत्ती बी लागंना. लई जुना आजार हाय," म्हणत साडूंनी सतरंजीवर बैठक मारली. मी नको नको म्हणेपर्यंत सगळा सीपीयू वर्तमानपत्रावर पसरला होता आणि स्क्रू खुर्चीवर. अकरा वाजत आले. संतापाच्या भरात मी ती माळ ओढून काढली, टिळा पुसला, तर त्याच्याखाली मॉनिटरची बत्ती छान लुकलुकत होती. मागं सीपीयूकडून येणारी चित्राची वायर लोंबत होती, माळ घालताना निसटलेली. मॉनिटरला काहीही झालं नव्हतं. पण आता वायर खोचून उपयोग काय? चित्र पाठवणारं यंत्रच चटणीसारखं वाटून ठेवलेलं! मी तोंडाला येईल ते बोललो. वय, नातं, काही ठेवलं नाही.

"बाबा, आता नका ना. मी मोबाईलवर देते," मुलगी म्हणाली. टेबलावर स्वयंपाकघरातल्या डब्याला टेकवलेला मोबाईल सारखा घसरत होता. तेव्हा साडू उठले. "आण हिकडं. म्या धरतो."

आणि तिच्या समोर उभे राहून, दोन्ही हातांनी, त्यांनी तो तिच्या चेहऱ्यासमोर धरला. एरवी घास गिळतानाही बोलणारा हा माणूस मुलाखत संपेपर्यंत चकार शब्द बोलला नाही. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तोही पुसला नाही. मी दारात उभा होतो.

ती नोकरी तिला लागली. आता ती हैदराबादला असते, घर रिकामं वाटतं. तिची आठवण आली की मला मुलाखतीतली तिची उत्तरं आठवत नाहीत. आठवतं ते हे, की मोबाईल बंद झाल्यावर साडूंची बोटं सरळ होईनात, माझ्याकडं बघायची त्यांना हिंमत होईना, आणि त्यांनी तिलाच हळूच विचारलं, "पोरी, म्या हाललो तर न्हाई ना गं?"

मी खुर्चीवरचे स्क्रू गोळा केले आणि म्हणालो, "बसा."