रोज हजर

जुन्या खाजगी शाळेचे फोन म्हणजे इस्त्रीवालीच्या डोक्याला ताप होता. लेक दहा मिनिटं उशिरा पोचली तरी फोन वाजायचा, "अजून आली नाही, सगळं ठीक आहे ना?" हातात तापलेली इस्त्री, पुढ्यात लोकांच्या कपड्यांचा ढीग, आणि यांच्या चौकश्या! नवऱ्याचा कारखाना बंद पडला, लेक नववीला सरकारी शाळेत गेली आणि फोन थांबले. "सुटले एकदाची," इस्त्रीवाली म्हणाली होती.

मग लेकीला कावीळ झाली. तीन आठवडे पोरगी अंथरुणातून उठली नाही. इस्त्रीवाली काम करता करता फोनकडे कान लावून असायची. तो काही वाजला नाही.

शेवटी डॉक्टरांचा दाखला घेऊन तीच शाळेत गेली. एका खोलीत दोन वर्ग कोंबलेले आणि बाई एकट्या. बाईंनी घाम पुसत हजेरीपटावर बोट फिरवलं.

"दाखला कशाला? तुमची मुलगी रोज येते की."

तिन्ही आठवडे लेकीच्या नावापुढे हजेरी लागली होती. चांगलं सुनावायचं म्हणून इस्त्रीवालीने तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या बाकांवर मारामारी जुंपली आणि बाई तिकडे धावल्या.

घरी लेक उशीला टेकून वाट बघत होती.

"बाईंनी माझी चौकशी केली?"

"केली ना."

"नाव घेऊन?"

इस्त्रीवालीने थंडच इस्त्री उचलली आणि समोरच्या सदऱ्यावर फिरवायला लागली.

"हो गं. नाव घेऊन."