मास्तरांनी न हरवलेली किल्ली

आमच्या ह्यांनी गाडीची किल्ली हरवली, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या काकूंना माहीत आहे, दूधवाल्याला माहीत आहे, आमच्या मुलीला तर परगावी बसून माहीत आहे. खोटं आहे ते. किल्ली मी हरवली. आधी लपवली, मग हरवली, आणि या दोन्हींच्या मध्ये एक वाक्य बोलले. ते निस्तरायला म्हणून आठ महिन्यांनी एका रविवारी किल्लीवाल्याला बोलावलं.

हे म्हणजे मास्तर. नावाने यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली, तीही एकाच गाडीत. शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसे ब्रेक आणि क्लच शेजारच्या सीटवर मास्तरांच्या पायाशीही बसवून घेतले होते. त्या ब्रेकवर पाय ठेवून ठेवून सवय अशी लागली की घरात जेवताना मी जरा आवाज चढवला की यांचा पाय टेबलाखाली फरशी दाबायचा. मी वाकून बघितलंय. माणूस शांत, पण स्वतःच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. रस्ते, नंबर, चाळीस वर्षांपूर्वी कोणाचा क्लच कुठल्या चढावर सुटला होता, सगळं तोंडपाठ. आणि तो अभिमान होताच, कशाला खोटं बोलू.

क्लास बंद केला तरी गाडी ठेवली. दर रविवारी सकाळी दहाला जाऊन ती चालू करायची, दहा मिनिटं नुसती चालू ठेवायची आणि बंद करायची. नाहीतर बॅटरी बसते म्हणे. पुढे पुढे दहा मिनिटांची एक फेरी झाली, फेरीची बाजारापर्यंत चक्कर झाली. मग यांना एका डोळ्याने कडेचं दिसेनासं झालं. एका आठवड्यात शेजाऱ्यांची उभी स्कूटर आडवी केली आणि दुसऱ्या आठवड्यात फाटकाचा खांब. मला म्हणाले, "खांब जरा पुढे आलाय का गं?" डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, गाडी बंद. यांनी मान डोलावली, आणि रविवारी पावणेदहाला पायात बूट.

वाद घालून मी हात टेकले होते. म्हणून किल्ली लपवली.

माझं काम कपडे दुरुस्तीचं. पँट आखूड कर, चेन बदल, कॉलर उलटव. पुढच्या खोलीत मशीन आहे आणि मशीनच्या मागे खुंट्या. लोक कपडे टाकून जातात आणि न्यायला विसरतात. माझा नियम आहे, वर्षभर वाट बघायची, मग सगळं गाठोडं बांधून जुने कपडे नेणाऱ्या बाईला द्यायचं. शेवटच्या खुंटीवर कोणा गृहस्थांचा राखाडी कोट लोंबत होता. त्याला आत एक खिसा होता, मीच शिवून दिलेला. त्या खिशात मी किल्ली टाकली आणि वरून दोन टाके घातले. इतकी जपून ठेवली.

दहाला पाच कमी असताना हे आले. "किल्ली कुठंय गं?"

मी मशीनवरून मान वर केली नाही. "मला काय माहीत. तुम्हीच ठेवली असेल कुठेतरी."

एवढंच बोलले. यात पाप ते काय, असं वाटलं तेव्हा.

त्यांनी शोधायला सुरुवात केली. आधी खिसे, मग खण, मग पलंगाखाली, मग परत खिसे. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. मला वाटलं होतं, चार दिवस चिडतील, आदळआपट करतील, मग विषय सुटेल. चिडले असते तर मीही चिडले असते आणि भांडणात सगळं खरं बाहेर पडलं असतं. चिडलेच नाहीत हो. पलंगावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, "ठेवलेली आठवतच नाही. अजिबात आठवत नाही." आठवेल कशी? मी मशीन चालवत राहिले.

आज सांगू, उद्या सांगू म्हणत तीन आठवडे गेले. ठरवलं, किल्ली हातावर ठेवायची आणि सांगायचं. पण एका सोमवारी जुने कपडे नेणारी बाई आली. कोटाला वर्ष होऊन गेलं होतं. मी नेहमीसारखं गाठोडं बांधलं आणि दारात तिच्या डोक्यावर चढवायला हातसुद्धा लावला. अकराच्या सुमाराला मी एका पँटची शिलाई उसवत होते आणि तोंडात टाचण्या होत्या. तेव्हा आठवलं. मी टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. मग नाक्यापर्यंत जाऊन आले. बाई कधीच गेली होती आणि ती कुठे राहते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. घरी येऊन ती शिलाई पुरी केली.

त्यानंतर यांच्या हातून एकेक गोष्ट सुटत गेली. गॅस मी बंद केला का, तू बघ. दाराला कडी लागली का, तू बघ. बाहेर जाणं बंद झालं. एकदा स्वतःच डॉक्टरांना विचारलं, "मला विसरायचा आजार झालाय का?" डॉक्टरांनी महिने उलटे म्हणायला लावले. हे डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत न अडखळता आले. बाहेर पडल्यावर मला म्हणतात, "नशिबाने बरोबर आलं." मी रिक्षाला हात केला. मला काही वाटायचंच बंद झालं होतं. पायाला मुंग्या आल्या की चिमटा काढलेला नुसता कळतो, तसं.

असे आठ महिने गेले. मग त्या रविवारी सकाळी मी कपडे भिजवायला घेतले आणि सवयीने यांच्या शर्टाचा खिसा चाचपला. आत घडी घातलेला कागद होता. त्यावर यांचं नाव, घराचा पत्ता, माझा फोन नंबर आणि खाली एक ओळ: 'हा माणूस हरवलेला दिसल्यास कृपया येथे कळवावे.' अक्षर तेच, फळ्यावर रस्त्याचे नियम लिहायचे ते, वळणदार. कुठे खाडाखोड नाही.

रडू आलं नाही. कपडे भिजवले, धुतले, वाळत घातले. कागद कोरडा होता तो धुतलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवावा की नाही, यावर बराच वेळ घातला. मग किल्लीवाल्याला फोन केला. जुनी किल्ली तर मिळणार नव्हती. निदान गाडी चालू झालेली असली की बोलायला तोंड फुटेल, असं मी मनाशी धरलं होतं. आज सांगायचंच. हा माणूस स्वतःला हरवलेला समजतोय आणि ते माझ्या एका वाक्यामुळे.

किल्लीवाला आला तो आपल्या व्हॅनमधून. हाताची बोटं काळी, चष्मा दोऱ्याने बांधलेला. आधी कागदपत्रं मागितली. म्हणाला, "मावशी, रागावू नका. कोणाचीही गाडी मी अशी उघडत नाही."

"रागावत नाही. तुमच्यासारखा सावध माणूस माझ्या घरात असता तर ही वेळच आली नसती," म्हटलं. मी स्वतःला बोलत होते. त्याला वाटलं यांना.

"मास्तरांनी हरवली ना? कळलं मला नाक्यावर. वय झालं की होतं."

आता याला काय सांगू. त्याला शेडकडे घेऊन गेले.

पत्र्याच्या शेडमध्ये गाडीवर बोटभर धूळ होती. त्याने चपट्या पट्टीने दार उघडलं आणि आत बसून कोरी किल्ली कुलपात घालून जोर दिला. मग ती काढून उजेडात धरली. आतल्या खिट्ट्यांचे बारीक ओरखडे किल्लीवर उमटतात, तिथे तिथे कानस मारायची. पुन्हा आत घालायची, पुन्हा उजेडात. माझ्यासारखंच काम, थोडं थोडं कमी करत मापाला आणायचं. म्हणाला, "जुनी गाडी आहे म्हणून बरं. नव्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते, तिथे कानस काय करणार?" पाऊण तासाने किल्ली फिरली. त्याने व्हॅनच्या बॅटरीपासून तारा जोडल्या आणि किल्ली आणखी पुढे फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं, पण चालू होईना. पाच वेळा केलं. बॉनेट उघडून बघितलं.

"पेट्रोल आहे, पण पुढे येत नाही. कुठेतरी चोरखटका असणार. चोरी होऊ नये म्हणून लावतात, दाबल्याशिवाय पेट्रोल सुटत नाही. कुठे लावलाय, माहीत आहे?"

चाळीस वर्षं या माणसाचे शर्ट इस्त्री केले मी, आणि गाडीत खटका आहे हे मला माहीत नव्हतं. "विचारून येते," म्हटलं.

हे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. "अहो, गाडीत चोरखटका आहे का?"

लगेच म्हणाले, "माझ्या सीटखाली, ब्रेकच्या दांडीमागे. एक शिष्य गाडी घेऊन परस्पर सासुरवाडीला गेला होता, त्यानंतर लावला." मग उठून बसले. "गाडी कोण चालू करतंय?"

"मी," म्हटलं. "चला."

आठ महिन्यांनी गाडीपाशी आले. किल्लीवाला उठून उभा राहिला आणि नमस्कार करून बाजूला झाला. हे सवयीने आपल्या सीटवर, मास्तरांच्या सीटवर बसले. मग स्टिअरिंगपुढे मीच बसले. यांची सगळ्यात वाईट शिष्या. पंचवीस वर्षांपूर्वी चार दिवस शिकून कानाला खडा लावला होता. यांनी न बघता हात सीटखाली घातला. टक्क असा आवाज झाला. "गिअर काढून ठेव. क्लच दाब. आता फिरव."

गाडी चालू झाली. सगळा पत्रा थरथरला. किल्लीवाला तारा काढून दुसरी किल्ली कापायला व्हॅनकडे गेला.

"दहा मिनिटं चालू राहू दे," हे म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं.

"अहो, किल्ली तुम्ही हरवली नव्हती." मी समोरच्या धुळीकडे बघत सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, कोटाचं, आतल्या खिशाचं, दोन टाक्यांचं, गाठोड्याचं. "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. सगळं माझ्यामुळे झालं."

यांनी पूर्ण ऐकून घेतलं. शिकणाऱ्यांचं ऐकायचे तसंच, मध्ये न तोडता. मग माझ्या हातावर थोपटलं. "राहू दे गं. माझं मन राखायला सांगतेयस."

"शपथ घेऊ?"

"तुझ्या हातून कधी काही हरवलंय का? चाळीस वर्षांत सुई हरवली नाहीस तू."

"आणि आत्ता खटका कसा आठवला तुम्हाला? चटकन सांगितलात."

"जुनं आठवतं," ते म्हणाले. मला समजावून सांगत होते. "जुनं राहतं आणि नवं जातं. या आजारात असंच असतं. मी वाचलंय."

मी अजून बोलत राहिले. कोटाचा रंग सांगितला, बटणं सांगितली. जितकं बारीक सांगावं तितके ते जास्त मायेने माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी थांबले.

किल्लीवाला आला आणि त्याने दुसरी किल्ली खिडकीतून यांच्या हातावर ठेवली. "मास्तर, दोन केल्यात. एक जपून ठेवा." यांनी ती बोटांनी चाचपली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"दोन्ही तूच ठेव. माझ्याजवळ नको."

दहा मिनिटं झाल्यावर त्यांनीच सांगितलं, बंद कर. मी बंद केली. ते उतरले, दार लावलं, हँडल ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग माझी वाट बघत उभे राहिले.

"लागलंय का बघ गं तू. माझा काही भरवसा नाही."

मी गाडीला वळसा घालून गेले आणि दार ओढून पाहिलं. घट्ट लागलं होतं. तसं त्यांना सांगितलं, आणि आम्ही घरात आलो.