प्रीतीनं स्क्रू मारले नाहीत

डिप्लोमा घेऊन प्रीती रुकडीकर पहिल्या मुलाखतीला गेली, तेव्हा समोरच्या माणसानं तिचा अर्ज बाजूला सारून विचारलं, "रुकडीकर म्हंजे कुणातलं?"

"बौद्ध," प्रीती म्हणाली. "आता कॉम्प्युटरचं काय विचारायचं ते विचारा."

ती नोकरी गेली. सत्त्याण्णव साल होतं. तिचे वडील भाऊसो हातकणंगले स्टेशनात पॉइंट्समन होते. घरी आल्यावर तिनं घडलं तसं सांगितलं. भाऊसो म्हणाले, "बरं केलंस," आणि ताटात आमटी वाढून घेतली. त्या घरात या विषयावर याहून जास्त बोलणं झालं नाही.

पुढं काही वर्षं तिनं शाहूपुरीतल्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त केले. एकमेकांशी बोलणारे कॉम्प्युटर, त्यांच्या जोडण्या, ह्यात तिचं डोकं चांगलं चालायचं. दोन हजार चार साली एका गूळ अडत संघानं तिला नोकरीवर घेतलं.

संघाच्या आवारात चार लांब शेड होत्या आणि त्यांत शेतकऱ्यांच्या गुळाच्या रव्यांचे, म्हणजे ढेपांचे, ढीग. इथला सौदा चालत व्हायचा. सौदा बोलणारा ज्ञानू पुढं, खरेदीदारांचा घोळका मागं. ढिगापाशी थांबायचं, रव्याचा टवका काढून जिभेवर ठेवायचा, बोली लावायची, पुढच्या ढिगाकडं सरकायचं. पहिल्या शेडपासून चौथ्या शेडपर्यंत अशी एक फेरी.

संघानं पुण्याच्या एका कंपनीकडून हातात धरायची चार यंत्रं घेतली होती. ज्ञानूबरोबरच्या कारकुनानं बोली यंत्रात टिपायची, ती बिनतारी ऑफिसात उमटायची. प्रत्येक शेडला एक अँटेना. एका शेडमध्ये सगळं ठीक चाले. घोळका दुसऱ्या शेडकडं वळला की जोडणी तुटायची आणि तोवरची सगळी फेरी पुसली जायची. मग पहिल्या ढिगापासून पुन्हा. एवढ्यात एखादा खरेदीदार म्हणायचा, "मी एवढं बोललोच न्हाय की." भांडणं लागायची. चौथ्या शेडमध्ये चिमणाबाई नावाची पन्हाळ्याकडची एक शेतकरीण आपल्या गुळाशेजारी बसलेली असायची. तिच्यापर्यंत सौदा येईतो दिवस कलायचा आणि तिची शेवटची एसटी निघून जायची.

प्रीतीला दुखणं लौकर सापडलं. प्रत्येक अँटेना यंत्राला आपला वेगळा पत्ता द्यायची आणि ऑफिसातला मुख्य कॉम्प्युटर यंत्राला त्या पत्त्यानंच ओळखायचा. पत्ता बदलला की त्याच्या लेखी जुनं यंत्र मेलं आणि कुणीतरी परकं आलं. तिनं कंपनीला कळवलं. कंपनीचं उत्तर आलं: यंत्रं टेबलाला पक्की करा आणि गूळ टेबलापाशी आणा.

संघाचे सेक्रेटरी बसवेशअण्णा गडहिंग्लजकडच्या व्यापारी घरातले. त्यांना हा मार्ग पटला. त्यांनी स्क्रूची पिशवी प्रीतीच्या टेबलावर ठेवली. "मॅडम, सोमवारपर्यंत चारी यंत्रं बसवून टाका."

"न्हाय बसवणार."

बसवेशअण्णांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"अण्णा, सौदा फिरतोय. यंत्रं आपण सौद्यासाठी आणली. आता यंत्रासाठी सौदा बसवायचा? हमालांनी सगळा गूळ उचलून टेबलापाशी न्यायचा आणि परत ठेवायचा? यंत्राला फिरायला शिकवू की."

"कंपनीला जमत न्हाय ते तुम्हाला जमणार हाय?"

"कंपनीला जमत न्हाय असं न्हाय. त्यांना करायचं न्हाय."

"मग घरी बसा आठवडाभर. बिनपगारी."

प्रीतीनं पिशवी उचलून त्यांच्या टेबलावर परत ठेवली आणि एक यंत्र मागून घेतलं. तपासायला नेतेय, म्हणाली. अण्णांनी नाही म्हटलं नाही. तेवढं तरी त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

घरी तिनं भाऊसोंना समजावून सांगितलं. "आबा, गाडी मिरजेतनं निघून हातकणंगल्यात येते. स्टेशन बदलतं, मास्तर बदलतो. पण गाडीचा नंबर तोच ऱ्हातो. ह्या यंत्राला तसला नंबरच दिलेला न्हाय."

"मग दे की," भाऊसो म्हणाले. "त्यात एवढं अवघड काय?"

अवघड पुष्कळ होतं. तिनं प्रत्येक यंत्राला कायमची ओळख दिली, पत्ता कितीही बदलो. जोडणी तुटली तरी मुख्य कॉम्प्युटरनं फेरी उघडी ठेवून वाट बघायची असं ठरवलं. शेड बदलताना जोडणी नसेल तेव्हा टिपलेल्या बोली यंत्रानं स्वतःजवळ धरायच्या आणि जोडणी लागली की देऊन टाकायच्या.

आठवड्यानंतर तिनं कुणाला न विचारता ऑफिसातल्या मुख्य कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम घातला आणि यंत्र घेऊन ज्ञानूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. फेरी सुरू झाली. दुसऱ्या शेडमध्ये जोडणी टिकली, तिसऱ्यातही. चौथ्यात शिरल्यावर ऑफिसातून निरोप आला, एकच बोली दोनदा उमटलीय. घोळक्यात हशा पिकला. बसवेशअण्णा हातात स्क्रूची पिशवी घेऊनच आले.

"चूक माझी हाय," प्रीती सगळ्यांसमोर म्हणाली. "पोच मिळाली न्हाय म्हणून यंत्रानं बोली परत पाठवली. उद्या असं व्हणार न्हाय."

"उद्या टेबलं लागणार," अण्णा म्हणाले.

ज्ञानूनं डोक्याची टोपी काढून झटकली. "टेबलं लावा की. पण मी तिथं उभा ऱ्हाऊन बोलणार न्हाय. ढीग बघितल्याबगर मला बोलता येत न्हाय. दुसरा माणूस बघा."

चिमणाबाई जागेवरूनच म्हणाली, "आनि माझा गूळ कोण उचलून न्यायचा? मी?"

खरेदीदारांतले दोघे-तिघेही कुरकुरले. बसवेशअण्णांनी सगळ्यांकडं बघितलं. "उद्याचा एक दिवस," ते म्हणाले. "मोडलं तर जबाबदारी तुमची, मॅडम."

"मोडलं तर दुरुस्तबी मीच करणार."

तिनं प्रत्येक बोलीला क्रमांक लावला. तोच क्रमांक परत आला तर मुख्य कॉम्प्युटरनं तो सोडून द्यायचा. दुसऱ्या दिवशी फेरी पहिल्या ढिगापासून चिमणाबाईच्या ढिगापर्यंत एका दमात गेली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. ज्ञानू पाणी प्यायला गेला आणि चिमणाबाईला उजेडातच एसटी मिळाली. बसवेशअण्णांनी प्रीतीचा कापलेला पगार मात्र शेवटपर्यंत दिला नाही, आणि तिनंही दर महिन्याला तो मागायचं सोडलं नाही.

दोनेक वर्षांनी त्या कंपनीनं तिला पुण्याला बोलावलं. मोठी जागा देतो, म्हणाले, तुमचा प्रोग्रॅम आमच्या यंत्रांत घालू. प्रोग्रॅमवर नाव कुणाचं राहणार, असं तिनं विचारलं. तिथले साहेब हसले, असली नावं कोण बघतं, म्हणाले. "मी बघते," असं सांगून ती दुपारच्या गाडीनं परत आली.

दोन हजार आठला तिनं नोकरी सोडली आणि शाहूपुरीत स्वतःचं ऑफिस काढलं. पहिलं बोलावणं आलं गडहिंग्लजहून, ईरप्पा नावाच्या मिरचीच्या बड्या व्यापाऱ्याचं. त्यांनी चहा पाजला, गोदामं दाखवली आणि म्हणाले, "आधी सौद्याची सगळी यंत्रं एका खोलीत बसवून बघू, मॅडम. फिरायचं मागनं बघता येईल."

प्रीतीनं कप खाली ठेवला. "मग तुम्हाला माझी गरज न्हाय. खोलीत बसवायला कुणीबी येईल." तिनं पर्स उचलली.

ईरप्पांनी कामासाठी दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला हातानंच थांबायची खूण केली. "कूडरी, कूडरी. बसा हो. फिरायचं कसं, ते आधी सांगा."

ती बसली.