पूजेच्या दिवशी डिझेल फिल्टर

माझ्या धाकट्या भावाने जुना ट्रक घेतला तेव्हा घरात त्याच्या बाजूने एकच मत पडलं, ते त्याचं स्वतःचं. दलालाच्या गाडीत केळी चढवून द्यायची आणि पुढे तो सांगेल ते ऐकायचं, याला तो कंटाळला होता. आपला माल आपल्याच गाडीतून इंदूरला न्यायचा आणि कच्ची केळी पिकवून विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या दारात उतरवायचा, असं त्याने ठरवलं. मी विरोधात होतो. मी निवृत्त प्राध्यापक आहे. विरोधात असायला मला विषयाची माहिती लागत नाही.

पहिल्या खेपेला त्याने मला बरोबर घेतलं. तो म्हणाला सोबतीला. मला वाटतं, साक्षीला. इच्छापुरकडच्या मळ्यात पहाटेपासून घड कापले आणि नऊपर्यंत ट्रक भरला. व्यापाऱ्याने फोनवर बजावलं होतं की माल संध्याकाळपर्यंत आला तर घेईन. ताडपत्रीखाली रात्र काढून तापलेली केळी मला दाखवायलाही आणू नका. या एका खेपेवर भावाचं सगळं म्हणणं उभं होतं.

बऱ्हाणपूर येईपर्यंत गाडीचा दम गेला. साध्या चढालाही ती दुसऱ्या गिअरवर येऊन कण्हायला लागली आणि समोर पिवळा दिवा लागला.

"फिल्टर चोक झाला," भाऊ म्हणाला.

"कशाने?"

त्याने आधी आरशात पाहिलं. मग म्हणाला, "मळ्यातल्या ड्रममधलं डिझेल टाकलं होतं."

त्या ड्रममधलं डिझेल आमच्या विहिरीवरच्या इंजिनाने वर्षानुवर्षं पचवलं होतं. ते इंजिन रॉकेलवर, गाळावर, शिव्यांवर, कशावरही चालायचं. हा ट्रक इंजेक्शनवाला. त्याचं पोट नाजूक. नवा फिल्टर सीटमागे होता, पण पुढे असीरगडचा घाट होता, आणि भरलेली गाडी तो घाट असल्या अवस्थेत चढणार नव्हती.

हायवेलगतच्या ओळखीच्या गॅरेजवर पोहोचलो तर तिथे मांडव. दारात रांगोळी, आत खुर्च्या, दोन मोठे स्पीकर. लाल कापडावर सगळे पाने, हातोडे, जॅक हळदकुंकू लावून ओळीने मांडलेले. सगळ्यांत मोठ्या पान्याला झेंडूचा हार होता. मिस्त्री पांढऱ्या कुर्त्यात होता आणि स्वच्छ हातांमुळे ओळखू येत नव्हता.

"आज हात नाही लागणार, सर," तो म्हणाला. "विश्वकर्मा पूजा आहे. आज हत्यार उठतच नाही. कल सुबह आठ बजे, पहिलं काम तुमचंच."

"उद्यापर्यंत गाडीत केळी नाही, शिकरण असेल," भाऊ म्हणाला.

पुढच्याच रांगेत शहरातल्या इतवारा पेठेतला मुसलमान मिस्त्री लाडू खात बसला होता. भावाने आशेने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मेरी तरफ मत देखो, सेठ. याच्या दारात आज मी पाना उचलला तर मेरी भी बरकत जाएगी." त्याच्या धर्मात हा सण नव्हता, पण धंद्यात होता.

मी विचारलं, "हत्यार उचलायचं नाही. पण काम कसं करायचं हे सांगायला बंदी आहे का?"

मिस्त्रीने विचार केला. "सांगायला नाही."

मला बरं वाटलं. नुसतं सांगून महिनाअखेर पगार घेण्यात मी तीस वर्षं काढली होती. तेव्हा सांगणारे आम्ही असायचो. आज सांगणारा मिस्त्री होता आणि ट्रकखाली कोणाला तरी जायचं होतं, एवढाच फरक. भाऊ ट्रकखाली शिरला आणि पोटापाशी अडकला. त्याला पाय ओढून बाहेर काढला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या अंगकाठीचा आमच्या घराण्याला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ.

चाकांना दगड लावले आणि मी पाठीवर सरकत आत गेलो. फिल्टर चेसिसच्या आतल्या बाजूला, हवेच्या टाकीमागे, वर तोंड करून लपला होता. ही जागा ज्याने ठरवली त्याने ती कागदावर वरून पाहिली असावी. कागदाला कोपर नसतं. माझा हात मनगटापर्यंत सहज गेला, कोपरापर्यंत कष्टाने गेला, आणि बोटांत फिल्टरचा डबा नीट येईपर्यंत खांद्याचं सालपट निघालं.

"आधी खालच्या वायरचा प्लग काढा," ट्रकशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या मिस्त्रीने सांगितलं. "मग वरची जागा पुसून घ्या. धुळीचा एक कण आत गेला तर इंजेक्टर गेले. आता फिरवा. घड्याळाच्या उलटं."

फिल्टर हलेना.

"मागच्या वेळी हा कोणी कसला होता?" मी खालून विचारलं.

वर मिस्त्रीने खुर्ची सरकवली. मग तो म्हणाला, "मीच. आधीच्या मालकाची गाडी होती तेव्हा. पान्याने."

आता पट्टा हवा होता. तसला पट्ट्याचा पाना लाल कापडावर, फुलांखाली होता. तेव्हा कमरेचा पट्टा चालेल का, हा प्रश्न निघाला. इतवाऱ्याच्या मिस्त्रीने लाडू संपवून निकाल दिला, "पट्टा कपड्यात येतो, हत्यारात नाही." मी तीस वर्षं परिसंवाद ऐकले, इतक्या लवकर आणि इतक्या नेमक्या शब्दांत कोणी मुद्दा सोडवलेला आठवत नाही.

भावाचा पट्टा दुहेरी गुंडाळला जाईल एवढा लांब, म्हणून माझाच काढला. तो तेलकट डब्यावरून घसरायला लागला, तेव्हा आल्याआल्या स्वागतात भावाच्या गळ्यात पडलेलं केशरी उपरणं खाली आलं. ते डब्याभोवती गुंडाळलं, त्यावर पट्टा आवळला आणि ओढायला लागलो.

एवढ्यात प्रमुख पाहुणे आले. कुठल्याशा व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांचं भाषण श्रमाच्या प्रतिष्ठेवर होतं आणि ते मला ट्रकखाली अत्यंत स्पष्ट ऐकू येत होतं, कारण एक स्पीकर माझ्या पायांकडे तोंड करून होता. घामाच्या प्रत्येक थेंबाला आपण वंदन करतो, असं ते म्हणत असताना माझा घाम कानात जात होता. तेवढ्यात बॅज लावलेला एक कार्यकर्ता धावत आला.

"ट्रक मागे घ्या ना. फोटोत येतोय."

"घेणारच आहोत," भाऊ म्हणाला. "म्हणून तर खाली माणूस घातलाय."

"मग त्यांचे पाय तरी आत घ्या."

मी पाय आत घेतले. त्या निमित्ताने गुडघा टाकीला टेकला, जोर मिळाला आणि फिल्टर करकरत फिरला. पुढच्या क्षणी गार डिझेल बाहीतून काखेपर्यंत उतरलं. जुना फिल्टर बाहेर काढून ओतला तेव्हा त्यात चमचाभर पाणी आणि विहिरीवरचा ओळखीचा गाळ होता.

"नवा कोरडाच लावा," मिस्त्री म्हणाला. "वरून डिझेल भरू नका. त्याच्या रबरी कड्याला बोटाने डिझेल लावा. हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पाऊण फेरा. पान्याची गरजच नाही."

"मग तुम्ही का लावला होता?"

"मन मानत नाही, सर."

प्लग लावला. मग आतली हवा काढायला वरचा छोटा हातपंप अंगठ्याने दाबत राहिलो. आधी पोकळ लागत होता. मिस्त्री खुर्चीवरून उठून वाकून बघत होता. एकदा त्याचा हात आपोआप पुढे आला; त्याने तो दुसऱ्या हाताने धरून पाठीमागे नेला आणि तसाच उभा राहिला. सगळ्या समारंभात विश्वकर्म्यापर्यंत काही पोहोचलं असेल तर ते एवढंच, असं मला वाटतं.

"कडक झाला?"

"झाला."

मी बाहेर आल्यावर भावाने स्टार्टर मारला; दोनदा नुसतं घरघरून तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं. पाहुणे श्रमजीवींच्या अखंड गतीवर आले होते. आवाज झाल्यामुळे त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आम्ही फोटोतून निघालो.

मिस्त्रीने निघताना सांगितलं होतं की टाकी पंपावर पूर्ण भरा, आणि घाट चढून झाला की फिल्टरखालची चावी हाताने सोडून पाणी काढा. पंपावर टाकी भरली आणि असीरगडचा घाट गाडी तिसऱ्या गिअरवर चढली. मी एका हाताने पँट धरून बसलो होतो, कारण पट्टा डिझेलमध्ये भिजला होता. वर थांबून चावी सोडली. चार थेंब पाणी आलं, मग स्वच्छ डिझेल. भावाने ते चार थेंब वाकून पाहिले. मग म्हणाला, "दादा, घरी ड्रमचं सांगू नको."

इंदूरला पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. व्यापाऱ्याने ताडपत्री उचलली, आत हात घालून ऊब पाहिली, एका घडाचं केळ दाबलं आणि म्हणाला, "चलेगा." त्या दिवसातलं हे सगळ्यांत छोटं भाषण. भावाने ते परतीच्या वाटेवर मला तीनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गॅरेजवरून जाताना मिस्त्रीने हात करून थांबवलं. पहिलं काम तुमचं म्हणाला होता, तो शब्द त्याला पाळायचा होता. पुन्हा मळक्या कपड्यांत तो ट्रकखाली गेला, फिल्टर चाचपून म्हणाला, "एकदम बरोबर बसलाय, सर. थेंब नाही." आणि हात बाहेर काढून झेंडूचा हार अजून अडकलेला पाना मागितला.

"कशाला?"

"थोडासा कसून घेतो."