दाराच्या आतली सतरंजी

नोकरीत चोऱ्या किती पाहिल्या याची गणती नाही, आणि त्यातल्या बहुतेक विसरूनही गेलो. मिरजगावच्या त्या पिकअपची चोरी मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांपुढे उभी राहते. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. त्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. प्रकरणातली माणसं आजही हयात असतील, म्हणून नावं कुणाचीच घेत नाही.

दुपार कलली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे एक जोडपं येऊन उभं राहिलं. बाई पस्तिशीच्या आसपासच्या, पांढरी साडी, आवाज खणखणीत. नवरा दोन पावलं मागे, मान खाली.

"जय भीम, साहेब. आमची गाडी गेली," बाई म्हणाल्या.

मी त्यांना आत बोलावलं. जोडपं मिरजगावचंच. बाई एका गायन पार्टीच्या मुख्य गायिका होत्या. नामकरण, लग्न, जयंती असे त्यांचे कार्यक्रम गावोगाव होत. पिकअप नवरा चालवायचा. कार्यक्रम नसेल त्या दिवशी त्याच गाडीतून तो शेतकऱ्यांचा भाजीपाला नगरच्या मार्केटला न्यायचा. म्हणजे गाणं आणि चूल, दोन्ही त्या एका गाडीवर.

त्या दिवशी मिरजगावजवळच्या एका वस्तीवर नामकरणाचा कार्यक्रम होता. सामान उतरवून गाडी शाळेच्या भिंतीमागे लावली. मंडपात गाणं रंगलं आणि तिकडे भर दिवसा गाडी गेली. पेटी, ढोलकी, अ‍ॅम्प्लिफायर आणि ज्यावर पार्टी बसली होती ती सतरंजी, एवढंच मागे राहिलं.

आम्ही फिर्याद नोंदवली, नाकाबंदीचे संदेश दिले, हायवेवरचे ढाबे तपासले. काही हाती लागलं नाही. आठवडे गेले. गावात मात्र दुसरीच चर्चा सुरू झाली. गाडी चोरीबिरी काही गेलेली नाही, बाईंच्या नवऱ्यानंच परस्पर विकली आणि विम्यासाठी बोंब मारतोय, असं लोक उघड म्हणू लागले. आमचे हवालदारही एकदा मला म्हणाले, "साहेब, नवरा लई गप्प असतो. त्याच्यावर लक्ष ठेवायला पायजे."

मी म्हणालो, "हवालदारसाहेब, गप्प बसणं हा गुन्हा असता तर आपल्या लॉकपमध्ये जागा उरली नसती."

पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? तो माणूस पेठेत जायचा बंद झाला. शेतकरी भाजी दुसऱ्याच्या गाडीत भरू लागले. एप्रिलमधल्या जयंतीच्या सुपाऱ्या डोक्यावर आल्या होत्या आणि गाडीवाचून पार्टी फुटायच्या बेताला आली होती. ढोलकीवाला दुसरीकडे बोलणी करतोय, हे बाईंनीच मला सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

खबर आली ती नगरहून. माझा एक खबऱ्या तिथल्या गॅरेजांमध्ये गाड्या रंगवायचं काम करायचा. मी सुनावणीसाठी नगरला गेलो होतो, तेव्हा कोर्टाबाहेर त्यानं मला गाठलं.

"साहेब, कंपनीचा रंग जसाच्या तसा असलेल्या गाडीला कुणी नवा रंग देतं का?"

"कोण देतंय?"

"एमआयडीसीच्या मागं एक शेड हाय. पांढरी पिकअप आली हुती, एक ओरखडा न्हाई. करडी करून दिली. कोपरगावला गेली म्हणत्यात."

चोराकडे असलेली घाई आणि मालकाकडे असलेली हौस, यांत फरक असतो. ओरखडा नसलेल्या गाडीवर पैसे घालणारा माणूस हौशी असेल तर मिरवतो. हा तर मागच्या शेडमध्ये लपवून रंगवत होता. मी दोन कॉन्स्टेबल घेतले आणि साध्या कपड्यांत कोपरगाव गाठलं. उसाचा हंगाम ऐन भरात होता, रस्ते ट्रॅक्टरांनी अडलेले. करडी पिकअप एका खताच्या दुकानासमोर उजळ माथ्यानं उभी होती. मालक बागायतदार, दुकानही त्याचंच. त्यानं आम्हाला आधी चहा दिला आणि मग कागद दाखवले. कागद चोख. चासी नंबर, इंजिन नंबर कागदांशी तंतोतंत जुळत होते. गाडी त्यानं नगरच्या एका एजंटाकडून रीतसर विकत घेतली होती.

तरी लपूनछपून दिलेल्या त्या रंगामुळे माझा संशय जाईना. पंचनामा करून गाडी ताब्यात घेतली तेव्हा तो भडकला. "मी काय चोर हाय का? चारचौघांत माझी अब्रू घालवली तुमी!"

तो खरंच चोर नव्हता. म्हणूनच मला जास्त चिंता वाटली. निर्दोष माणसाच्या अंगणातून आणलेली गाडी पुराव्याअभावी परत करावी लागली, तर हवालदारापासून वरिष्ठांपर्यंत सगळ्यांना उत्तर मला द्यावं लागणार होतं.

दुसऱ्याच दिवशी तो एजंट स्वतः ठाण्यात हजर झाला. न बोलावता! सफारी, अत्तराचा वास, बोलणं लोण्यासारखं. "साहेब, नंबर बघा, कागद बघा. कायदा कागदावर चालतो."

नंबर घासून पुन्हा ठोकले असावेत असा मला संशय होता. तो सिद्ध करायचा तर गाडीची शास्त्रीय तपासणी हवी, आणि तिचा अहवाल यायला त्या काळात महिने लागत. इकडे बागायतदारानं गाडी परत मिळावी म्हणून तालुक्याच्या न्यायालयात अर्ज केला. तारीख जवळ आली.

मी त्या जोडप्याला गाडी ओळखायला बोलावलं. नवऱ्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि त्याचा चेहरा उतरला. रंग वेगळा, सीट वेगळी, टेप काढलेला, टायरसुद्धा बदललेले.

"साहेब, अशा शंभर गाड्या रस्त्यावर हायेत. खोटं कसं बोलू?" तो म्हणाला.

त्या क्षणी त्या माणसाबद्दलचा उरलासुरला संशय आमच्या हवालदारांच्याही मनातून गेला. गाडी परत मिळायची आयती संधी समोर असताना तो 'हीच' म्हणायला तयार नव्हता.

बाई गाडीत चढल्या. दार ओढून घेतलं. धप्प असा आवाज झाला. उघडलं, पुन्हा लावलं. धप्प. मग खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, तुमच्या जीपचं दार लावा बरं."

मी लावलं. खण्णकन पत्रा वाजला.

"हीच आमची गाडी," बाई म्हणाल्या. "दाराच्या आत माझी सतरंजी हाय."

मी त्यांना केबिनमध्ये नेलं आणि सगळं सविस्तर विचारलं. गाडीच्या दारात कंपनीचे स्पीकर आले होते. जाळी ताटाएवढी आणि आत स्पीकर वाटीएवढा. पार्टी स्वतःची गाणी कॅसेटवर भरून घेई आणि पुढच्या गावाला जाताना ऐकून चुका काढी. पण त्या स्पीकरमधून नुसती चिरचिर. ढोलकीचा डग्गा तर ऐकूच यायचा नाही.

"मी ह्यांना म्हनलं, ह्यात माझा आवाज मांजरावानी येतो. चांगले बसवा."

नवऱ्यानं नगरहून मोठे स्पीकर आणले आणि घराच्या अंगणात स्वतः बसवायला घेतले. दाराच्या आतला पत्रा लहान पडला, तो छिन्नीनं कापला. मग मागचं चुंबक काचेला धडकू लागलं, म्हणून प्लायवूडचं कडं कापून स्पीकर पुढे घेतला. वर जाळी कंपनीचीच ठेवली, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. सगळं झालं, कॅसेट लावली आणि नवीनच दुखणं सुरू झालं. डग्गा घुमला की दाराचा सगळा पत्रा थरथरायचा.

"मी म्हनलं, ही मी गात न्हाई, हे दार गातंय!" हे सांगताना बाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "मंग पार्टीच्या सतरंजीचा एक कोपरा कापला, दोन तुकडे केले आन दोन्ही दारांत चिकटवून टाकले. तवापासून आवाज कसा, देवळातल्यावानी."

नवरा चकित होऊन ऐकत होता. स्पीकर त्यानं बसवले होते, पण ओळख पटवताना ते त्याला सुचलंच नव्हतं. "रंगच बघत बसलो, साहेब," तो म्हणाला.

आता माझ्या हातात हुकमाचा पत्ता होता, पण तो घाईनं टाकून चालणार नव्हतं. दार आत्ताच उघडलं असतं तर एजंटाचा वकील म्हणाला असता, पोलिसांनीच तुकडे आत घातले. म्हणून आधी पंच घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि कोपरा कापलेली ती सतरंजी जप्त करून लाखेचं सील केलं. गाडीची दोन्ही दारंही पंचांसमोर सीलबंद केली. मग एजंटाला चौकशीला बोलावलं.

मी मुद्दाम कंटाळलेला चेहरा केला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणालो, "गाडी छान राखलीय. काही काम केलंय का तिच्यावर?"

"छे हो साहेब. शोरूममधून आली तशी आहे. रंग तेवढा गिऱ्हाइकाच्या आवडीचा दिला."

"स्पीकर?"

"कंपनीचे. जाळीवरच कळतं की. त्या दाराला कंपनीनंतर कुणाचा हात लागलेला नाही." मग किंचित हसून म्हणाला, "लिहून देतो, पाहिजे तर."

"कोर्टात द्या," मी म्हणालो.

आणि त्यानं दिलं. बागायतदाराच्या अर्जाला जोडून शपथेवर प्रतिज्ञापत्र केलं: गाडीत मूळ कंपनीच्या फिटिंगखेरीज कोणताही फेरफार नाही. माणूस खोटं बोलताना थांबायचं कुठं हे विसरतो. नंबर-कागदांचं खोटं पुरलं असतं, पण त्याला ते सजवायची हौस आली.

तारखेला आम्ही विनंती केली की दारं न्यायालयासमोर उघडावीत. मॅजिस्ट्रेटसाहेब स्वतः उठून आवारात आले. कडुनिंबाखाली गाडी उभी होती. दोन्हीकडचे वकील, पंच, बागायतदार, सफारीतला तो एजंट, आणि बातमी कशी कोण जाणे फुटल्यामुळे मिरजगावची बरीच मंडळी. नवऱ्याला चोर ठरवणारेही त्यांत होते.

सील तपासून तोडलं. मेकॅनिकनं जाळी काढली, स्क्रू सोडवले आणि दाराचं आतलं पॅड ओढलं. आधी दिसला मोठा स्पीकर. मग प्लायवूडचं कडं. मग छिन्नीच्या वेड्यावाकड्या घावांनी कापलेला पत्रा. मेकॅनिकनं आत हात घालून हळूहळू चिकटवलेलं काहीतरी सोलून काढलं आणि उजेडात धरलं.

लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी.

दुसऱ्या दारातूनही तसाच तुकडा निघाला. मी सीलबंद गाठोडं पुढे केलं. शिरस्तेदारांनी सील फोडलं, सतरंजी व्हरांड्याच्या फरशीवर पसरली आणि दोन तुकडे कापलेल्या कोपऱ्याला लावले. पट्ट्याला पट्टा भिडला. बोथट कात्रीनं कापल्यामुळे कड करवतीसारखी झाली होती, तिचा दातही दाताला बसला.

कुणीतरी गर्दीतून ओरडलं, "बसला की वो!" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्या दिशेला पाहिलं, पण रागावले नाहीत.

सफारीवाल्याचा रंग मी आयुष्यभर विसरणार नाही. करड्या गाडीशेजारी तो गाडीपेक्षा करडा दिसत होता. तिथंच त्याला अटक केली आणि कोठडी मागितली. ठाण्यात आल्यावर त्याला एक ग्लास पाणी दिलं आणि मी समोर बसलो. हात उचलायची गरज नव्हती. ज्या माणसाचा भरवसा कागदावर असतो, त्याचा कागद फाटला की तो आपोआप बोलत सुटतो. अपघातात चुरा झालेल्या गाड्यांचे कागद घ्यायचे, तशाच चांगल्या गाड्या चोरायच्या, त्यांच्यावर ते नंबर ठोकायचे. त्यानं शेड दाखवली, साथीदार दाखवले. तिथं आणखी गाड्या मिळाल्या, कुणी आशाच सोडून दिली होती अशा लोकांच्या. बागायतदार पुढे येऊन आमचा साक्षीदार झाला. खटला चालला आणि टोळीला शिक्षा झाली. त्याआधीच शास्त्रीय अहवालही आमच्या बाजूनं आला होता.

न्यायालयाच्या आदेशानं गाडी त्या जोडप्याला सोपवली, ती एप्रिल लागायच्या आत. नवऱ्यानं येताना टेप बरोबर आणला होता. ठाण्याच्या आवारातच तारा जोडल्या आणि कॅसेट लावली. डग्गा घुमला. बाईंचा आवाज दोन्ही दारांतून असा बाहेर आला की कोठडीवरचा पहारेकरीसुद्धा मान वळवून पाहू लागला. हवालदार नवऱ्याजवळ गेले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पेठेतून जा. काचा खाली घे आन सावकाश जा."

तो पेठेतून गेला. सावकाश गेला. ज्या दुकानांच्या फळ्यांवर बसून लोक त्याच्याबद्दल बोलत होते, तिथून गाणं वाजवत गेला. पहिला हात कुणी केला ठाऊक नाही, पण पेठेच्या टोकापर्यंत बरेच हात वर झाले होते. त्या वर्षीच्या जयंतीला मी बंदोबस्तावर होतो. पार्टी पूर्ण होती, ढोलकीवालाही तोच.

पुढे नव्यानं भरती झालेले फौजदार माझ्याकडे शिकायला येत, तेव्हा मी त्यांना एकच सांगायचो. वाहनचोरीची फिर्याद घेताना रंग, नंबर, मॉडेल हे लिहाच, पण त्यावर थांबू नका. चोरालाही नेमकं तेच बदलायचं असतं. फिर्यादीला बसवा आणि विचारा, या गाडीत तुम्ही स्वतःच्या हातानं काय केलं होतं? माणूस आधी गोंधळतो, मग बोलू लागतो, आणि मध्येच त्याचा चेहरा खुलतो. तो खुलला की पेन हातात घ्या.