कमानीखाली कोण उभं राहणार?

महिनाभर इटलीतल्या एका डोंगराळ खेड्यात दगड उचलून आले. दोन टी-शर्ट फाटले, एक नख गेलं आणि किस्से इतके जमले की डोंबिवलीत कोणी नुसतं 'काय गं, कशी झाली ट्रिप?' विचारलं तरी समोरच्याचा चहा गार होतो!

आधी एक सांगते. सिव्हिलचा डिप्लोमा मी शेवटच्या वर्षी सोडलेला. तिथल्या ओढ्यावरचा जुना, अर्धा ढासळलेला दगडी पूल पुन्हा उभा करायला ठाणे-डोंबिवलीतून आम्ही सहा व्हॉलंटियर गेलो. आमचे लीडर कोण, हे मला एअरपोर्टवर कळलं. सबनीस सर! मला दोनदा नापास करून रिटायर झालेले. एकमेकांना बघून दोघांच्याही मनात एकच आलं असणार, घरी जावं.

*

निघायच्या आदल्या रविवारी काका आले. शीळफाट्याला त्यांच्या बिल्डिंगी चालू आहेत.

"फुकट दगड उचलायला इटलीला? अगं, आमच्या साइटवर ये, मजुरी देतो!"

मी म्हटलं, "काका, तो पूल तीनशे वर्षं टिकलाय. तुमचं प्लास्टर पझेशनपर्यंत तरी टिकू दे!"

काका पोहे अर्धे टाकून उठले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पॅकिंग शांतपणे झालं.

*

तिथला गवंडी ब्रुनो. सत्तरी पार, इंग्रजी शून्य. गावातली लूचिया त्याचं बोलणं आम्हाला सांगायची. पहिल्या सकाळी त्याने ढिगाकडे बोट दाखवलं. चांगले दगड वेगळे काढा.

सरांनी टेप काढला, मापं घेत पाच दगड निवडले आणि दगडाच्या ताकदीवर लेक्चर सुरू केलं. मी हातोडीने टकटक करत सुटले. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला. आई कोपरीच्या बाजारात माठ असाच घेते, टिचक्या मारून.

ब्रुनोने दोन्ही ढीग वाजवून बघितले. माझे सगळे ठेवले. सरांच्या पाचातले चार फेकले!

"हिला कोणी शिकवलं?" त्याने लूचियाकडून विचारलं.

"आईने. माठ घेताना."

लूचियाला हे समजावायला दहा मिनिटं लागली. सर एवढंच म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये नव्हतं."

*

दगड सांधायला तिथे फक्त चुना आणि वाळू. सुकायला वेळ लागतो. सरांना दम धरवेना. कुठल्याशा गोठ्यातून त्यांनी सिमेंटची अर्धी गोणी पैदा केली.

"दोन मुठी घाल गं. कोणाला कळतंय?"

मी घातलं नाही. सरांनी स्वतःच्या घमेल्यात घातलं.

सकाळी ब्रुनोने सांध्यावरून नख फिरवलं आणि सरांचा अख्खा थर पाडला. लूचिया म्हणाली, "सिमेंट पाणी आत अडकवतं. थंडीत ते गोठतं आणि दगड फुटतो."

"आमच्याकडे एवढी थंडी नसते," सर.

"सर, पूल इथे आहे!"

त्या दिवसापासून कमान ब्रुनोने माझ्या हातात दिली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पडू दे एकदा. डिप्लोमा का सोडला, ते जगाला कळेल." मग मी एकेक दगड तीन-तीनदा काढून बसवला.

*

सरांनी डोंबिवलीहून चकचकीत स्टीलची पाटी करून आणलेली. 'मार्गदर्शक: प्रा. सबनीस'. पुलावर लावायला!

लूचिया म्हणाली, "इथे कोणी नाव लावत नाही."

दुसऱ्या दिवशी ब्रुनो त्याच पाटीवर चुना कालवत होता. म्हणाला, "छान सपाट आहे!"

*

शेवटच्या दिवशी कमानीखालचा लाकडी सांगाडा काढायचा होता. तो निघाला की दगड एकमेकांच्या भरवशावर. उभे राहिले तर पूल, नाहीतर ओढ्यात ढिगारा.

अख्खं गाव जमलं. सरांनी कोट घातलेला. इंग्रजीत भाषण ठोकलं, "ही कमान मी बांधून घेतली. माझा चाळीस वर्षांचा अनुभव..." माझं नाव नाही. टीमचं पण नाही.

टाळ्या संपल्यावर ब्रुनो काहीतरी बोलला. लूचियाने सांगितलं, "गावची पद्धत आहे. सांगाडा काढताना कमान बांधणारा खाली उभा राहतो."

सरांनी कमानीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हिने बांधली!" सर ओरडले. "एकटीने! पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत, सगळी हिची! मी फक्त बघत होतो!"

सगळ्या गावासमोर, साक्षीदारांसकट!

मी खाली जाऊन उभी राहिले. पळायची वाट आधी बघून ठेवली, खोटं कशाला बोलू? ब्रुनोने सांगाड्याखालच्या पाचरी ठोकून काढल्या. एक, दोन, तीन. सांगाडा खाली बसला. वर कुठेतरी कर्रकन वाजलं. चिमूटभर चुना माझ्या डोक्यावर पडला.

आणि मग काहीच पडलं नाही!

लोक ओरडायला लागले, ब्रुनोने टोपी उडवली. सर लांब, पार रस्त्यापलीकडे उभे होते. मी कमानीखालूनच हात केला.

"या ना सर! इथे सावली मस्त आहे!"